सरांचा सत्कार आम्ही असा केला

रिटायर झाल्यावर तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक काय करतो असं मला कोणी विचारलं, तर मी आमच्या सरांकडे बोट दाखवीन. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही हे मला पक्कं माहीत आहे. पण त्यांनी नागपुरात इतकी वर्षं जे काम केलं ते कुठेतरी लिहून ठेवलं पाहिजे असं मनात होतंच, आणि आता त्यांचा सत्कार झाल्यावर ते लिहायला बसले.

सरांनी एका कॉलेजात आयुष्यभर तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवलं. आपल्या बोर्डात अकरावी-बारावीला तर्कशास्त्र विषय घेता येतो हेच पुष्कळांना माहीत नसतं, आणि ज्यांना माहीत असतं त्यातले बरेच जण मार्क चांगले पडतात म्हणून घेतात. सर कधी त्यावरून चिडले नाहीत, ते म्हणायचे मार्कांसाठी का होईना, पोरगं सत्यता कोष्टक (विधान कधी खरं आणि कधी खोटं ठरतं ते दाखवणारा तक्ता) मांडायला शिकलं तर उद्या कोणी त्याला भलतंच काही पटवायला आलं की निदान थांबून बघेल तरी. बीएला मात्र विद्यार्थी कमीच. तीन, चार, कधी पाच. त्या चौघांसाठीसुद्धा सर पूर्ण तासाची तयारी करून जायचे, हे मला त्या चौघांतल्या एकाने सांगितलंय, तो आता जिल्हा न्यायालयात वकिली करतो.

मी त्यांची कॉलेजातली विद्यार्थिनी नाही. मी विम्याच्या ऑफिसात काम करते, तत्त्वज्ञानाशी संबंध आला तो पस्तिशीनंतर, एका मैत्रिणीने रविवारी सरांच्या घरी नेलं तेव्हा. रिटायर झाल्यावर त्यांनी घरच्या पुढच्या खोलीत रविवारची बैठक सुरू केली, ती आजपर्यंत चालू आहे. मंडळाला नाव नाही, फी नाही, पदाधिकारी नाहीत. येणारे कोण, तर इतवारीतले एक धान्याचे व्यापारी ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, रेल्वेतून रिटायर झालेले एक काका, मेडिकलमधली एक नर्स, यूपीएससीला तत्त्वज्ञान ऑप्शनल घेतलेली दोन-तीन पोरं (ती परीक्षा झाली की गायब होतात आणि निकाल लागला की पेढे घेऊन येतात, किंवा नाही लागला की पुन्हा रविवारी येऊन बसतात), इंदोऱ्याहून येणारी एक शाळामास्तरीण, आणि माझ्यासारखे असेच.

सरांना या गोष्टीचं बीज कुठून मिळालं ते मी एकदा विचारलं होतं. ते दि. य. देशपांड्यांबद्दल बोलायला लागले. दि. य. म्हणजे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, जन्म १९१७ चा. निवृत्तीनंतर, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी एप्रिल १९९० मधे आपल्या नागपुरातून ‘नवा सुधारक’ नावाचं मासिक काढलं, तेच पुढे ‘आजचा सुधारक’ झालं. आगरकरांच्या १८८८ च्या ‘सुधारक’शी नातं सांगणारं. २००५ मधे दि. य. गेले, मासिक त्यानंतरही चालत राहिलं. सर त्याचे पहिल्यापासूनचे वाचक. त्यांचं म्हणणं असं की विवेकवादावर पुस्तक लिहिणं वेगळं, आणि दर महिन्याला अंक काढून अनोळखी वाचकांची पत्रं छापणं, त्या पत्रातला गोंधळ समजून घेऊन पुढच्या अंकात उत्तर देणं वेगळं. दुसऱ्या कामाला माणूस लागतो जो रोज थोडं थोडं दुसऱ्याच्या डोक्यात काय चाललंय यासाठी वेळ काढेल.

मला वाटतं महाराष्ट्रात तत्त्वज्ञान टिकलं ते याच प्रकारच्या माणसांमुळे. १९१६ साली अमळनेरला प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञानाची संस्था काढली, आज विचार केला तर विश्वास बसत नाही, खानदेशातल्या एका गावात गिरणीमालकाच्या पैशावर देशभरातले विद्वान येऊन राहतात आणि वेदान्तावर वाद घालतात. १९७४ साली दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली मराठी तत्त्वज्ञान महाकोशाचे तीन खंड आले. सुरेंद्र बारलिंग्यांनी पुण्याहून ‘परामर्श’ हे तत्त्वज्ञानाचं नियतकालिक चालवलं. यातल्या कुठल्याही कामामागे बघा, एकेक नोंद तपासणारी, लेखकांना आठवण करणारी, प्रुफं वाचणारी कितीतरी माणसं असतात, त्यांची नावं बहुतेक वेळा ऋणनिर्देशात बारीक टायपात येतात किंवा येतच नाहीत. आमचे सर त्या जातीचे. त्यांच्या स्वतःच्या नावावर फार काही नाही, काही लेख आहेत, एक पाठ्यपुस्तक आहे जे आता अभ्यासक्रमात नाही. पण विदर्भात गेल्या काही वर्षांत तत्त्वज्ञानावर मराठीत ज्यांनी काही बरं लिहिलं त्यातल्या बऱ्याच जणांचा मसुदा आधी सरांच्या टेबलावरून गेलाय.

तो टेबलावरून जायचा म्हणजे काय व्हायचं ते सांगते, कारण यातच सगळं आहे. मी अठराव्या शतकातल्या डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाच्या कार्यकारणभावावरच्या विचारांवर एक लेख लिहिला होता. आठवड्याने परत मिळाला तेव्हा समासात बारीक पेन्सिलीने खुणा. लाल पेन सर कधीच वापरत नाहीत. पहिल्याच परिच्छेदाशेजारी लिहिलं होतं, “हे ह्यूम म्हणतो की तू?” पुढे एका ठिकाणी, “इथे ह्यूम वाचत असता तर त्याने मान हलवली असती का?” आणि जिथे मला वाटत होतं की मी अगदी जोरदार खंडन केलंय तिथे नुसतं “पूर्वपक्ष अशक्त”, म्हणजे ज्याचं खंडन करायचं त्याची बाजूच मी नीट मांडलेली नव्हती. त्याखाली दुसऱ्या रंगाच्या पेन्सिलीने, म्हणजे बहुतेक दुसऱ्या दिवशी, त्यांनी स्वतः ह्यूमची बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडून दिली होती, चांगल्या सात-आठ ओळी. सर ह्यूमशी सहमत नाहीत बरं का. तरी त्यांनी त्याची बाजू अशी मांडली की मला माझं खंडन पुन्हा लिहावं लागलं. एवढा वेळ एका विमा कंपनीतल्या बाईच्या लेखावर, जो छापून येईल याचीही काही गॅरंटी नव्हती.

पूर्वपक्ष हा सरांचा सगळ्यात आवडता विषय. न्यायसूत्रात, म्हणजे न्यायदर्शनाच्या प्राचीन मूळ ग्रंथात, वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत ते बैठकीत नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला ऐकावंच लागतं. वादात दोघंही खरं काय ते शोधत असतात, जल्पात जिंकायचं असतं, आणि वितंडेत स्वतःचं काही मांडायचंच नसतं, फक्त समोरच्याचं पाडायचं असतं. टीव्हीवरच्या चर्चा यातल्या कशात बसतात हे कोणी ना कोणी विचारतंच, आणि सर दरवेळी तेच सांगतात की टीव्हीचं राहू दे, तू आत्ता जे बोललास ते कशात बसतं ते बघ.

बैठक कशी चालते त्याचा एक नमुना देते. २०२४ मधे जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या जन्माला तीनशे वर्षं झाली म्हणून आम्ही त्याचा १७८५ चा नीतिशास्त्रावरचा छोटा ग्रंथ वाचायला घेतला. एप्रिल महिना, सकाळी साडेआठलाच ऊन चटका देत होतं, कूलर सुरू केला की एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू येत नाही म्हणून सर तो बंद ठेवतात. विषय होता खोट्या वचनाचा. एका माणसाला पैशाची गरज आहे, परत करता येणार नाहीत हे माहीत असूनही तो परत करीन असं वचन देऊन उसने घेतो. कांट म्हणतो हाच नियम सगळ्यांचा झाला अशी कल्पना करा, मग वचनावर कोणी विश्वासच ठेवणार नाही, वचन ही गोष्टच उरणार नाही.

भाऊ इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, “सर, बाजारात तर लोक रोजच खोटे वायदे करून राहिले. तरी उधारी बंद पडली का? नाही ना पडली.”

यूपीएससीवाल्या एका पोराने लगेच तोंड उघडलं की कांटला असं म्हणायचं नाहीये वगैरे, सरांनी त्याला हाताने थांबवलं. भिंतीवर एक जुना फळा आहे, त्यावर त्यांनी भाऊंचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. मग भाऊंनाच म्हणाले, अजून पक्कं करा, किती उधारी बुडते, तरी देता का, का देता. भाऊ सांगत गेले. दहातले एखाद-दोन बुडवतात, ते धरूनच भाव लावावा लागतो, ओळखीतला असेल तर वडिलांची पत बघून देतो, नव्या माणसाला थोडं देऊन बघतो. धान्य बाजाराचं सगळं शास्त्रच आलं फळ्यावर. कांटच्या विरुद्ध याहून चांगला पूर्वपक्ष मी तरी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही.

मग सर म्हणाले, जो बुडवतो त्याला मनातून काय हवं असतं? सगळ्यांनी वायदे बुडवावेत असं? भाऊ थोडा वेळ विचार करून म्हणाले, “नाही, बाकीच्यांनी पाळावेत, म्हणजे मी त्याला माल देईन.” म्हणजे त्याला नियम मोडायचा नाहीये, सर म्हणाले, नियम इतरांसाठी तसाच राहावा आणि आपल्याला एकट्याला त्यातून सूट मिळावी असं त्याला हवंय. बाजार बुडतो की टिकतो हा प्रश्न कांटचा नाहीच. तो म्हणतोय की हा माणूस एकाच वेळी दोन गोष्टींची इच्छा करतोय ज्या एकत्र बसत नाहीत. यावर भाऊ जे बोलले ते माझ्या वहीत मी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय: “म्हणजे कांट दिवाळं निघण्याचं सांगत नाही, सवलतीचं सांगून राहिला.”

कांटवरचं इंग्रजीतलं पुष्कळ वाचलं त्यानंतर, पण मला तो भाग समजला त्या सकाळी. आणि तो समजावून सांगितला इतवारीच्या व्यापाऱ्याने, सरांनी फक्त त्यांना थांबून राहायला जागा दिली. हे करणं फार अवघड आहे. उत्तर आपल्याला माहीत असताना समोरच्याची शंका आणखी भक्कम करून देणं, त्यात वीस मिनिटं घालवणं, बाकीचे चुळबुळ करत असताना.

काकूंबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इतक्या वर्षांत रविवारी सकाळी त्या घराची पुढची खोली घरच्यांना मिळालेली नाही. चहा, मधेच पोहे, कोणाचं लहान मूल सोबत आलं तर त्याला मागच्या अंगणात रमवणं हे सगळं काकूंनी केलं, आणि त्या स्वतः मराठी साहित्याच्या एमए आहेत. आम्ही इतकी वर्षं नैतिकतेवर बोलत राहिलो आणि कप मात्र त्यांनी उचलले, हे आमच्या बैठकीतल्या नर्सताईंनी एका रविवारी सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. तेव्हापासून चहाची पाळी लावलीय आणि काकू बाहेर येऊन बसतात. माझं मत विचाराल तर सरांच्या सेवेतला निम्मा हिस्सा काकूंचा आहे, आणि हे शिष्टाचार म्हणून लिहीत नाहीये.

तर यंदा सरांचं सहस्रचंद्रदर्शन. सत्कार करायचा हे सगळ्यांच्या मनात होतंच, कसा करायचा यावर मात्र बरीच खडाजंगी झाली. शाल-श्रीफळ, मानपत्र, सीताबर्डीला हॉल, एखादा मोठा पाहुणा अशी नेहमीची यादी निघाली. गौरवग्रंथाचीही सूचना आली. मी त्याला विरोध केला. गौरवग्रंथ मी पाहिलेत, अर्ध्यात ‘सर म्हणजे ज्ञानाचा महामेरू’ असतं आणि उरलेल्या अर्ध्यात लोकांचे कुठेच न छापलेले लेख, तो पाहुण्यांना वाटला जातो आणि कपाटात जातो. ज्या माणसाने आयुष्यभर आमची वाक्यं गंभीरपणे घेतली त्याची वाक्यं आम्ही एकदा तरी तितक्या गंभीरपणे घ्यावीत, एवढंच माझं म्हणणं होतं. म्हणजे सरांचे जुने लेख शोधून काढायचे, नीट वाचायचे, आणि जिथे पटत नाही तिथे त्यांच्यासमोर उभं राहून त्यांच्याच पद्धतीने आक्षेप घ्यायचा. आधी पूर्वपक्ष, म्हणजे सरांची बाजू, सर मान हलवतील अशी मांडायची. मग पुढे.

रेल्वेवाल्या काकांना ते बरोबर वाटलं नाही. सत्काराच्या दिवशी म्हाताऱ्या माणसाची चूक काढायची, हे काय शोभतं का. कोणीतरी ‘शिष्यादिच्छेत् पराजयम्’ म्हटलं, म्हणजे शिष्याकडून आपला पराभव व्हावा अशीच गुरूने इच्छा करावी. शेवटी सरांनाच विचारलं, तर ते खूश झाले, मात्र त्या सुभाषितावर म्हणाले, पराजय-बिराजय नको, जिंकणं-हरणं जल्पात असतं, तुम्ही वाद करायला येत असाल तर मी बसतो.

असा तो रविवार आला. शाल होती, ती काकूंना आणि सरांना दोघांना दिली. बाहेरचे लोक आले होते म्हणून अंगणात मांडव टाकला होता. तिघांनी निबंध वाचले. पहिले दोन ठीक होते, त्यावर फार लिहीत नाही. तिसरा आमच्या इंदोऱ्याच्या मैत्रिणीचा.

सरांचा एक जुना लेख आहे, त्यातलं मुख्य वाक्य असं: “नीतीला धर्माच्या आधाराची गरज नाही.” त्यासाठी सरांनी प्लेटोच्या यूथिफ्रो संवादातला सॉक्रेटिसचा प्रश्न वापरलाय, की एखादी गोष्ट देवांना आवडते म्हणून पवित्र ठरते, की ती पवित्र आहे म्हणून देवांना आवडते. पहिलं मानलं तर देवांच्या मर्जीवर सगळं, उद्या त्यांना खून आवडला तर खून चांगला. दुसरं मानलं तर चांगलं काय ते देवांच्या आधीच ठरलेलं आहे. तिने हे सगळं इतक्या नीट मांडलं की सर खरोखर मान हलवत होते.

मग ती म्हणाली, सर, हा युक्तिवाद आज्ञा देणाऱ्या देवाला लागू पडतो. पण मी ज्या घरात वाढले तिथे असा देव नाहीच. बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली आला, त्यात त्यांनी लिहिलंय की धम्मात ईश्वराची जागा नीतीने घेतलेली आहे, नीती हाच धम्म. मग तुमचं वाक्य या ठिकाणी काय सांगतं? नीतीला नीतीच्या आधाराची गरज नाही, एवढंच? तुम्ही नागपुरात बसून हा लेख लिहिलात, दीक्षाभूमी इथून किती लांब आहे, आणि लेखात ‘धर्म’ म्हणताना तुमच्यासमोर फक्त एकच प्रकारचा धर्म होता.

मांडवात एकदम शांतता. रेल्वेवाले काका माझ्याकडे बघत होते.

सर म्हणाले, शेवटचा भाग पुन्हा वाच. तिने वाचला. सरांनी त्यांच्या लेखाची जुनी प्रत मागितली, ती तिच्याचकडे होती, आणि खिशातली पेन्सिल काढून ‘धर्माच्या’ हा शब्द खोडून वर ‘ईश्वराज्ञेच्या’ असं लिहिलं. म्हणाले, तू म्हणतेस ते बरोबर आहे, माझा युक्तिवाद जेवढं सिद्ध करतो त्यापेक्षा माझं वाक्य मोठं होतं. पण मग ते म्हणाले, आता माझा प्रश्न. त्याच ग्रंथात बाबासाहेब म्हणतात की नुसती नीती पुरेशी नाही, ती पवित्र आणि सार्वत्रिक हवी. सार्वत्रिक मला समजलं. चोरांच्या टोळीतही आपसात नीती असते, व्यापाऱ्यांत असते, जातीत असते, पण ती टोळीपुरती, बाहेरच्याला त्यात जागा नाही, म्हणून सार्वत्रिक हवी. (भाऊंनी इथे भाऊंच्याच पद्धतीने जोरात मान डोलावली, सवलतीचा मुद्दा त्यांना आठवला असणार.) पण पवित्र कशाला? कारणं पुरेशी असतील तर पावित्र्याने त्यात काय भर पडते?

ती म्हणाली, सर, कारणं ऐकायला टोळीला भाग कोण पाडणार? ज्याच्याकडे ताकद आहे तो कारणं कळूनही स्वतःला सूट देतो. जिथे कोणीच हात लावायचा नाही अशी एक रेघ लागते, दुबळ्या माणसासाठी.

सर म्हणाले, मग ती रेघ कारणांनी ओढलेली आहे की कारणांच्या आधी?

यावर पाऊण तास झाला. जेवणाला उशीर झाला, काकूही बोलल्या आणि त्या शाळामास्तरणीच्या बाजूने बोलल्या. निकाल लागला नाही. सरांनी सांगितलं की पावित्र्यावर त्यांना अजून वाचायला लागेल आणि ते लेखी उत्तर देतील, आणि परवा ते आलंसुद्धा, आठ पानं, हाताने लिहिलेली, वरती तिचं नाव, खाली तळटीप की पूर्वपक्ष अशक्त वाटल्यास कळवावे. त्या आठ पानांत सर बऱ्याच गोष्टी मान्य करतात, मुख्य मुद्दा मात्र सोडत नाहीत. मला स्वतःला तिचं जास्त पटतंय, पण अजून एकदा वाचते.

रेल्वेवाले काका जाताना म्हणाले की असा सत्कार त्यांनी कुठे पाहिला नव्हता.

एक व्यवस्थेचं काम झालंय ते इथे सांगून ठेवते. सरांचे डोळे आता फार वेळ वाचू देत नाहीत, म्हणून लोकांचे मसुदे यापुढे आम्ही चौघं आधी वाचणार, समासात टिपणं करणार आणि अडलेलं तेवढंच सरांना वाचून दाखवणार. पुस्तकं उसनी नेल्याची जी वही सरांकडे आहे ती नर्सताईंनी ताब्यात घेतलीय, त्यात कितीतरी नावांसमोर ‘परत’ लिहिलेलं नाही, तर तुमच्याकडे असतील तर आणून द्या, कोणी काही विचारणार नाही. पुढच्या रविवारपासून मिलिंदप्रश्नातला (राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादाचा बौद्ध ग्रंथ) नागसेनाचा रथाचा भाग आणि ह्यूमचं ‘मी’बद्दलचं लिखाण शेजारी शेजारी ठेवून वाचतोय, दोघंही म्हणतात की शोधायला गेलं तर भाग सापडतात, ज्याचे भाग तो काही सापडत नाही, मग दोघं एकच म्हणतात का हा प्रश्न आहे. सकाळी साडेआठ. कूलर बंदच असतो, पाण्याची बाटली आणा.